जॅझवाले करतात काय, मिळवतात काय? आमच्या बैठकीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आम्ही आठ-दहा जण महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी एकाच्या घरी सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, जमतो. पहिला तास ख्याल किंवा नाट्यसंगीत, मग चहा, मग जॅझ. पूर्वी चहा झाला की निम्मी मंडळी चपला शोधायला लागायची. आता बसतात, पण प्रश्न विचारतात, आणि दर महिन्याला तेच. ते एकदाचे लिहून काढावेत असं ठरलं आणि अक्षर बरं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी तबलजी. सॅक्सोफोनला आयुष्यात फुंकर घातलेली नाही. उत्तरांत तबलजीचा कल दिसला तर चालवून घ्या.

मंगेशी-म्हार्दोळच्या पंचक्रोशीत राहून जॅझ कशाला? ते सासष्टीकडच्या ख्रिस्ती मंडळींचं संगीत ना?

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अंतराळात धाडली. पृथ्वीवरचं निवडक संगीत तिच्यात आहे. भारतातून एकच गाणं गेलं, केसरबाई केरकरांची भैरवी. बाई केरीच्या, म्हणजे आपल्याच फोंडे तालुक्यातल्या. त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेटही आहे. पन्नास वर्षं होत आली, दोघं एकाच गाडीतून चालली आहेत. त्यांना एकमेकांची अडचण होत नसेल तर आपल्याला सोप्यावर का व्हावी?

जॅझमधला माणूस मोठा की छोटा, हे ओळखायचं कसं?

आपल्याकडे गवयाची ओळख करून देताना पहिला प्रश्न असतो, ‘गुरू कोण?’ जॅझमध्ये तोच प्रश्न थोडा फिरवून येतो: ‘कोणाबरोबर वाजवलं?’ या एका प्रश्नावर मी सगळं तोलतो. पुरस्कार नंतर.

आर्ट ब्लेकी नावाचे ढोलवादक होते, म्हणजे ड्रमर. त्यांच्या ‘जॅझ मेसेंजर्स’ या बँडमधून १९९० मध्ये ते जाईपर्यंत पोरांच्या पिढ्यामागून पिढ्या गेल्या. वेन शॉर्टर तिथे होते, फ्रेडी हबर्ड होते, पुढे विंटन मार्सालिस आले, त्यांच्यानंतर टेरेन्स ब्लँचर्ड. विंटनने १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ दोन वर्षं जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात, दोन्ही विभागांत ग्रॅमी घेतली. ब्लँचर्ड यांचा ऑपेरा २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाला. त्या रंगमंचावर कृष्णवर्णीय रचनाकाराचा ऑपेरा होण्याची ती पहिलीच वेळ. दोघांच्या वाटा अगदी निराळ्या, पण उंबरठा एकच.

मात्र ही गुरुकुलं नव्हेत, हे ध्यानात ठेवा. कोणी कोणाला गंडा बांधत नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी ड्रमर टोनी विल्यम्सला बँडमध्ये घेतलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याला समोर बसवून धडे दिले नाहीत, रोज रात्री मंचावर चढवलं. त्याच पंचकात पियानोवर हर्बी हॅनकॉक होते आणि बासवर, म्हणजे खर्ज धरणाऱ्या मोठ्या तंतुवाद्यावर, रॉन कार्टर. हे कार्टर म्हणजे आपल्या तबलजींचे खरे भाईबंद, कायम दुसऱ्यांच्या मागे उभे. २०१५ साली गिनेसवाल्यांनी मोजलं तेव्हा त्यांचा वाटा असलेली ध्वनिमुद्रणं २,२२१ भरली. वेष्टणावर ठळक नाव बहुतेक ठिकाणी दुसऱ्याचं. माझ्या लेखी एवढी मोठी कारकीर्द दुसरी नाही.

आज हयात असलेल्यांपैकी कोणाला ऐकावं? जुन्या माणसांची नावं पुरे झाली.

बरं. पण यादी मागू नका, तीन-चार माणसं सांगतो.

समारा जॉय ही न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली मुलगी, जन्म १९९९ चा. घराण्यात चर्चमधलं गाणं. २०१९ मध्ये सारा व्हॉन यांच्या नावाची गायनस्पर्धा जिंकली आणि २०२३ मध्ये ग्रॅमीत वर्षातली सर्वोत्तम नवोदित कलाकार ठरली. तिचा आवाज ऐकून आमच्या बैठकीतले एक नाट्यगीतप्रेमी काका म्हणाले, ‘ही पोर घाई करत नाही.’ याहून नेमकं समीक्षण मी वाचलेलं नाही.

जॉन बटिस्ट न्यू ऑर्लिन्सकडचा, वादकांच्या कुटुंबातला. सात वर्षं दूरचित्रवाणीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात बँड चालवत होता, म्हणजे आठवड्यातून अनेकदा हजेरी लावायची नोकरी. २०२१ मध्ये ‘सोल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी आणखी दोघांसोबत ऑस्कर मिळालं. पुढच्या वर्षी ग्रॅमीची अकरा नामांकनं, पाच पुरस्कार, त्यांत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचाही. तो अल्बम निव्वळ जॅझ आहे का, यावर आमच्याकडे वाद झाला आणि चहा गार झाला.

कमासी वॉशिंग्टन लॉस एंजेलिसचा सॅक्सोफोनवादक. २०१५ चा त्याचा अल्बम तीन तबकड्यांचा, जवळजवळ तीन तासांचा. जाहिरातवाले सांगतात की लोकांचं लक्ष तीन मिनिटं टिकत नाही. याने तीन तास वाजवलं आणि त्यावर जगभर दौरे केले. रात्रभराचं दशावतारी नाटक बघणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही.

आणि लंडन. तिथे ‘टुमॉरोज वॉरियर्स’ नावाची संस्था १९९१ पासून पोरांना मोफत शिकवते. तिच्यातून बाहेर पडलेल्या पाच जणांच्या ‘एझ्रा कलेक्टिव्ह’ या बँडने वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमला मिळणारं मर्क्युरी पारितोषिक २०२३ मध्ये घेतलं. जॅझ बँडला ते पहिल्यांदाच मिळालं. २०२५ मध्ये ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्तम ब्रिटिश बँडही तेच. एकट्याची हुशारी वेगळी आणि फी न घेता पंचवीस-तीस वर्षं वर्ग चालवणं वेगळं. आपल्याकडे असे वर्ग चर्चनी चालवले, त्याबद्दल पुढे येतंच.

ग्रॅमीचे पैसे किती मिळतात?

शून्य. सोनेरी ग्रामोफोन मिळतो, तो शोकेसमध्ये ठेवायचा.

मग पोट कसं भरतं?

शिकवून, प्रवास करून, दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवून. बरेचसे मोठे वादक कुठल्यातरी विद्यापीठात शिकवतात. काहींना मोठ्या शिष्यवृत्त्या मिळतात. अमेरिकेतली मॅकआर्थर ही त्यांतली सर्वांत गुबगुबीत. विजय अय्यर यांना ती २०१३ मध्ये मिळाली तेव्हा रक्कम सव्वासहा लाख डॉलर होती, पाच वर्षांत विभागून, आणि खर्चाचा हिशेब कोणी मागत नाही. पण अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

मारिया श्नायडर यांचं उदाहरण मला जास्त आवडतं. त्या मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहितात. एवढ्या वादकांना घेऊन तबकडी काढायची म्हणजे घर गहाण ठेवायची पाळी. त्यांनी श्रोत्यांकडूनच आधी पैसे गोळा केले, अल्बम दुकानात न ठेवता इंटरनेटवरून विकला आणि त्यालाच २००५ मध्ये ग्रॅमी मिळाली. दुकानात न गेलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळण्याची ती पहिली खेप. आपल्या जत्रांतली नाटकं दुसरं काय करतात? वर्गणी आधी, पडदा नंतर.

पुलित्झर हे पत्रकारांचं पारितोषिक ना?

संगीतालाही असतं, पण जॅझला त्या दारात बराच वेळ उभं केलं. १९६५ मध्ये परीक्षकांनी जॅझचे दिग्गज रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांना खास सन्मान द्यावा असं सुचवलं आणि वरच्या मंडळाने ते फेटाळलं. एलिंग्टन तेव्हा साठी उलटून गेलेले. दार उघडायला १९९७ उजाडलं. विंटन मार्सालिस यांच्या गुलामगिरीवरच्या दीर्घ रचनेला पारितोषिक मिळालं. त्यानंतर २००७ मध्ये ऑर्नेट कोलमन, २०१६ मध्ये हेन्री थ्रेडगिल.

थ्रेडगिल यांच्या नावापाशी गोवेकराने जरा थांबावं. शिकागोचा हा रचनाकार, फ्लूट आणि सॅक्सोफोन वाजवणारा, व्हिएतनाम युद्धात जाऊन आलेला. त्यांनी काही काळ आपल्या गोव्यात घर केलं होतं. पुलित्झर मिळवणारा माणूस इथल्या बाजारात बांगडे घेत उभा असेल आणि आपण त्याला किनाऱ्यावरचा आणखी एक पाहुणा समजून पुढे गेलो असू.

भारतीय वंशाचे कोण आहेत?

अय्यर वर आलेच. त्यांचा पाया गणित आणि भौतिकशास्त्राचा. पियानोसाठी ते शिक्षण सोडलं नाही, वळवलं: लय शरीराला कशी कळते या विषयावर बर्कलीत डॉक्टरेट केली. २०१४ पासून हार्वर्डमध्ये प्राध्यापक आहेत.

रुद्रेश महंतप्पा ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतात. अमेरिकेत वाढलेले, घर कानडी. तरुणपणी भावाने गंमत म्हणून कद्री गोपालनाथ यांची तबकडी हातात ठेवली आणि याच वाद्यावर कर्नाटक संगीत कोणी इतकं वाजवतं हे ऐकून ते थक्क झाले. पुढे त्याच गोपालनाथांसोबत २००८ मध्ये ‘किन्समेन’ हा अल्बम केला. इथे पुन्हा माझा तोच प्रश्न, कोणाबरोबर वाजवलं?

त्रिलोक गुर्टू यांचं नाव मराठी घरात एवढं कमी का येतं, हे मला कळत नाही. ठुमरीच्या शोभा गुर्टू या त्यांच्या आई. शोभाताई बेळगावच्या. मुलगा तबल्यावरून निघाला तो ड्रम, तबला आणि पाण्याची बादली असं सगळं जमिनीवर मांडून बसून वाजवणारा जगप्रसिद्ध तालवादक झाला. त्यांच्या काही मुद्रणांत आईचा आवाज ऐकू येतो. एकदा नक्की ऐका.

झाकिर हुसेन यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाल्या आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला ते गेले. चार्ल्स लॉईड या सॅक्सोफोनवादकाबरोबरचं त्यांचं ‘संगम’ आम्ही त्या महिन्यात वाजवलं. मध्ये कोणी बोललं नाही.

लुई बँक्स दार्जिलिंगचे, नेपाळी घरातले, भारतीय जॅझचे बुजुर्ग. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चं संयोजन त्यांचं आणि चाल आपल्या अशोक पत्कींची. म्हणजे जॅझवाल्याचा हात लागलेलं काहीतरी तुम्ही लहानपणापासून ऐकत आहात.

गोव्यातले एवढे वादक होते म्हणतात. ते गेले कुठे?

मुंबईला. आणि तिथे ते दिसेनासे झाले, ऐकू मात्र सगळ्यांना आले.

पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर, मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवायचा, व्हायोलिन हातात द्यायचा. चुकलं तर छडी. गरीब घरातला मुलगाही कागदावरचे काळे ठिपके बघून वाजवू लागायचा. गोव्यात नोकरी नव्हती, म्हणून ही पोरं मुंबईला धोबी तलावाच्या कुडीत जाऊन राहिली. गावागावाची कूड असायची, म्हणजे खाणावळ, धर्मशाळा आणि रोजगार केंद्र एकाच खोलीत. पेट्या भिंतीला लावलेल्या, रात्री चटई पसरायची. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेचे कृष्णवर्णीय वादक यायला लागले आणि आपल्या पोरांना जॅझ थेट त्यांच्या शेजारी बसून मिळाला.

हळदोण्याचे अंतोनियो शाव्हियेर वाझ त्यांतले. ट्रम्पेट वाजवायचे, आर्मस्ट्राँगसारखं गायचे, नाव पडलं चिक चॉकलेट. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे आपले चितळकर, यांना ते भेटले आणि १९५१ च्या ‘अलबेला’त जे वाजलं ते देशभर नाचलं. ‘ईना मीना डीका’मध्ये मध्येच ‘माका नाका’ ऐकू येतं ना? ती कोकणी उगाच नाही आली. वाद्यवृंद गोंयकारांनी भरलेला होता. चिक १९६७ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी गेले.

त्या काळातल्या बऱ्याच संगीतकारांना स्वरलिपी लिहिता येत नव्हती. ते चाल गाऊन दाखवायचे. साठ वादकांनी काय वाजवायचं हे रात्रभर बसून कागदावर उतरवणारे होते सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. पडद्यावर संगीतकाराचं नाव मोठं. यांचं आलं तर ‘सहायक’ म्हणून, पुष्कळदा तेही नाही. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून १९७७ च्या एका गाण्यात त्यांचं नाव गुंफलं आणि अख्खा देश ते नाव गुणगुणला, हा खरा माणूस आहे याचा पत्ता नसताना.

मडगावचे क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांनी तोच जॅझ कोकणीत आणला. लॉर्ना मध्ये दोन दशकांहून अधिक काळ मंचावरून नाहीशी झाली आणि १९९५ मध्ये परत आली. सॅक्सोफोनवाले ब्राझ गोन्साल्विस नेवऱ्याचे. सत्तरच्या सुमारास त्यांनी रागांवर जॅझ बांधायला घेतला, तेव्हा त्याला फ्यूजन वगैरे म्हणायची फॅशन आली नव्हती. त्यांचं लग्न चिक चॉकलेट यांच्या गायिका मुलीशी झालं. घ्या, घराणंच म्हणा आता.

हे ऐकताना समच सापडत नाही. काय करावं?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण माझी फजिती यातूनच झाली आहे.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात एका हंगामात मला जॅझवाल्यांबरोबर तबल्यावर बसवलं होतं. पियानो, बास, ड्रम आणि मी. त्यांनी सांगितलं, ‘बारा बारचा ब्लूज आहे, मोजत राहा.’ मी मनात तीनताल धरला. चार मात्रांचा एक बार, चार बारचं एक आवर्तन. झकास जमतंय असं वाटलं. माझी पाळी आली तशी दोन आवर्तनं वाजवून झोकात तिहाई घेतली, धा वर आदळलो आणि हात उचलला. कोणीच आलं नाही. पियानोवाल्याने तिथे नवाच स्वरसमूह दाबला होता आणि गाडी पुढे चालली होती. ड्रमरने माझ्याकडे बघून हसत झांजेवर एक हलका टोला दिला, बस म्हणून.

घरी आल्यावर कागदावर मांडलं. बारा बार म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं. मी दोनवर उतरलो, म्हणजे नवव्या बारच्या तोंडाशी. ब्लूजमध्ये नेमकी तीच जागा कलाटणीची. तिथे गाणं पंचमावरच्या कॉर्डवर जातं आणि मग घरी परततं. म्हणजे मी घरी पोचल्याचं जाहीर केलं ते कोपऱ्यावरच्या वळणावर.

तेव्हा करा इतकंच: मांडीवर चार-चारच्या टाळ्या देत बारा मोजा. दुसऱ्या जातीची गाणी बत्तीस बारची असतात, आठ-आठचे चार तुकडे. पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. तो वेगळा तिसरा ओळखता आला की सम आपोआप सापडते. वादक आळीपाळीने चार-चार बार वाजवायला लागले तर ती त्यांची सवाल-जवाब समजा.

बायका फक्त गातात का?

नाही. टेरी लिन कॅरिंग्टन ड्रम वाजवतात. २०१४ मध्ये वाद्यसंगीताच्या जॅझ अल्बमची ग्रॅमी घेणारी ती पहिली स्त्री. एस्पेरान्सा स्पॉल्डिंग बास वाजवत गाते. २०११ मध्ये नवोदिताचा पुरस्कार तिला गेला आणि जस्टिन बीबरच्या चाहत्यांनी थयथयाट केला. गिटारवाली मेरी हॅल्व्हरसन २०१९ ची मॅकआर्थर मानकरी. उशीर झाला हे मात्र खरं. आपल्याकडे तबल्यावर मुली किती बसतात ते आठवा आणि मग अमेरिकेला नावं ठेवा.

गोव्यात आज प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळेल?

हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च. पणजीत डिसेंबरात सेरेंडिपिटी महोत्सव असतो, त्यात संगीतही असतं. ३० एप्रिल हा युनेस्कोने ठरवलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, त्या सुमारास कार्यक्रम शोधा. बाकी हॉटेलांत आणि बारमध्ये. तिथे जेवणाऱ्यांच्या गप्पांतून ऐकावं लागतं. वादकाजवळचं टेबल घ्या आणि वाजवून झाल्यावर टाळी द्या, त्याला मानधनाहून तिचीच सवय कमी असते.

मुलाला सॅक्सोफोन शिकायचा आहे. द्यावा का?

द्या. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, स्वरलिपी वाचायला तिथे किंवा एखाद्या जुन्या मेस्ताकडे शिकू द्या. ती येत असेल तर लग्नात, क्रूझ जहाजावर, स्टुडिओत कुठेही काम मिळतं. नुसत्या कानावर वाजवणारा गावातच अडकतो. मात्र त्याला एकटं खोलीत वाजवत ठेवू नका. आपल्यापेक्षा बरं वाजवणाऱ्या कोणाच्यातरी शेजारी उभं करा, फुकट वाजवावं लागलं तरी. वर सगळीकडे तेच सांगत आलोय.

वाद्य नवं घेऊ नका, जुनं घ्या, पण चाव्यांखालच्या चामड्याच्या गाद्या तपासून. आपल्या पावसात त्या फुगतात आणि बुरशी धरतात. वाजवून झालं की आतून फडकं ओढून घ्यायचं आणि आषाढ-श्रावणात पेटीचं झाकण रोज थोडा वेळ उघडं ठेवायचं. रीड, म्हणजे तोंडात धरायची वेताची पट्टी, मात्र नवीच घ्या, दुसऱ्याची उष्टी नको.